सतराव्या मजल्यावरचा बँड

पार्श्वभूमी

ही केस बाहेर काही वाजत नसताना गाणी ऐकू येणाऱ्या एका आजींची आहे, वय 78, लालबागच्या चाळीत सगळं आयुष्य गेलेलं. घरच्यांना विचारूनच लिहितोय, ओळखू येतील अशा खुणा बदलल्यात. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या टेस्ट करणं आणि कानाचं मशीन लावून देणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे खाली गोळ्यांबद्दल जे आहे ते डॉक्टरांनी ठरवलेलं आहे, माझं नाही.

आजी तरुणपणी गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, 1982च्या संपात काम गेलं ते गेलंच. त्यानंतर घरगुती डबे, भाजणी, पापड वगैरे. यजमान चाळीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आजी टाळ घेऊन बसायच्या, आवाज बरा होता म्हणतात. चाळ म्हणजे काय ते इथे सांगायला नको, दार दिवसभर उघडं, गॅलरीतून येणारा जाणारा डोकावणार, पहाटे नळाला पाणी आलं की बादल्यांचा आवाज, समोरच्यांचा रेडिओ, खाली वडापाववाल्याचा झारा आणि गणपतीत तर विचारूच नका. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मग चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डर भाडं द्यायला लागला आणि मुलाने कांदिवलीला एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर टू बीएचके घेतला. स्लायडिंगच्या खिडक्या लावल्या की बाहेरचा आवाज बंद. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, नात कॉलेजला, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात आजी घरात एकट्या.

आजींना कमी ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण "वयाप्रमाणे आहे" म्हणून सोडून दिलेलं, टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा आणि बोलताना ओरडायचं, संपलं. गिरणीतल्या नोकरीचा आणि कानाचा काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. खरं तर मशीनांच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या कानाकडे आधी बघायला पाहिजे, आपल्याकडच्या नियमात आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि जुन्या गिरण्यांमध्ये ती मोजायला कोण बसलं होतं.

प्रॉब्लेम काय झाला

नवीन घरात जाऊन दोनेक महिने झाले असतील. आजी एका सकाळी सुनेला म्हणाल्या, "काल रात्री कोणाकडे लग्न होतं का गं? बँड फार उशिरापर्यंत वाजत होता." सून म्हणाली नाही हो आई, मला काही ऐकू नाही आलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मग बँडच्या जोडीला भूपाळी, मग लहानपणची हादग्याची गाणी, बायकांच्या कोरसमध्ये, मग पेटीवर एकच ओळ, तीच ओळ, तासन् तास. आवाज वरून येतो, अठराव्या मजल्यावरून, याबद्दल आजींना शंकाच नव्हती.

वरच्या फ्लॅटमध्ये दोन तरुण मुलं भाड्याने राहतात आणि त्यातल्या एकाकडे गिटार आहे. झालं. आजींनी इंटरकॉमवरून वॉचमनला रात्री दीड वाजता वर पाठवलं, मुलं झोपेतून उठून बाहेर आली. असं परत परत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजींच्या मुलाने आधी सभ्य भाषेत, मग जरा कडक भाषेत मेसेज टाकला, त्यात नॉईजचे नियमही लिहिले, रहिवासी भागात रात्री 45 डेसिबल वगैरे. (मुंबईत 45 डेसिबल. असो.) सेक्रेटरीने दोन्ही बाजूंना बोलावून घेतलं आणि ती मुलं अक्षरशः रडकुंडीला आलेली, गिटारच्या तारा तुटून सहा महिने झालेत म्हणे.

हा पहिला डिसिजन पॉइंट. मुलाला तेव्हाच कुठेतरी खटकलं होतं, कारण त्याच घरात, शेजारच्याच खोलीत झोपून त्याला स्वतःला कधी काही ऐकू आलं नव्हतं. पण आईवर अविश्वास कसा दाखवायचा. मग नातीने आयडिया काढली, रात्री आजीच्या उशाशी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि डेसिबल मोजायचं ॲपही लावलं. सकाळी रेकॉर्डिंगमध्ये फक्त एसी आणि आजींचं कुशीवर वळणं. ॲप बत्तीसच्या वर गेलं नाही. हे पुरावे सगळ्यांनी चहाच्या टेबलावर आजींसमोर मांडले, आणि आजी म्हणाल्या, "तुमच्या मोबाईलला ऐकू येत नसेल, मला येतं." आणि त्या दिवसापासून त्यांनी गाण्यांबद्दल घरात बोलणंच बंद केलं. गाणी चालूच होती, फक्त घरच्यांना वाटलं की थांबली.

कोण काय म्हणालं

पुढचे तीन-चार महिने जे झालं ते बऱ्याच घरांत होतं म्हणून जरा सविस्तर.

नात म्हणाली आजीला स्वप्न पडतंय आणि जागी झाल्यावर तिला ते खरं वाटतंय. हे अगदीच चुकीचं नव्हतं, कारण आजोबा पेटी वाजवताना आजींच्या स्वप्नात खरोखर यायचे. पण एक दिवस नातीला सुट्टी होती आणि आजी भरदुपारी तांदूळ निवडता निवडता बोटांनी ताल धरून बसलेल्या तिने बघितल्या. विचारल्यावर आधी काही नाही म्हणाल्या, मग हळूच म्हणाल्या, "चालू आहे अजून." जागेपणी, डोळे उघडे, हातात काम. स्वप्न तिथेच बाद झालं.

आजींच्या गावाकडच्या नणंदेने सांगितलं की दादा, म्हणजे गेलेले आजोबा, बोलावतायत, बघणाऱ्याकडे न्या, उतारा टाका. आजींच्या मनातही तेच होतं आणि त्यांना त्याची भीती नव्हती हे विशेष, त्यांना वाटत होतं की यजमानांचं वर्षश्राद्ध नीट झालं नाही म्हणून ते पेटी वाजवून आठवण देतायत. मुलाने पितृपक्षात श्राद्ध व्यवस्थित केलं, बघणाऱ्याकडे नेलं नाही. मला हा निर्णय आवडला. श्राद्धाने गाणी थांबली नाहीत, पण आजींचा जीव शांत झाला आणि "हे त्यांचं नाही मग" असं त्या स्वतःच म्हणाल्या, ज्याचा पुढे फार उपयोग झाला.

जवळच्या फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. गोळीने झोप आली, पण पहाटे बाथरूमला जाताना तोल जाऊन त्या बेसिनला धडकल्या, मग सुनेने ती गोळी डॉक्टरांना सांगून बंद केली. रक्त तपासलं त्यात बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं झाली, अशक्तपणा थोडा कमी झाला, गाणी जशीच्या तशी. आणि एका नातेवाईकाने, जो स्वतः कुठल्याशा कंपनीत एचआरला आहे, त्याने नेटवर वाचून "स्किझोफ्रेनिया" हा शब्द घरात आणून ठेवला. त्या शब्दाने मुलगा हादरला. सुनेने ऑफिसातून रजा घेतली आणि त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घेतली.

सायकियाट्रिस्टकडे काय झालं

या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास हा. डॉक्टरांनी आधी मुलाला आणि सुनेला बाहेर बसवलं. मग आजींशी बोलले, आणि थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागतोय आणि आजी त्यांच्या ओठांकडे बघतायत. मास्क लावून बोलले तर आजींना काहीच कळत नव्हतं. त्यांनी विचारलं की गाण्यांमधून कोणी तुमच्याशी बोलतं का, काही करायला सांगतं का, शिव्या देतं का, तुमच्याबद्दल आपापसात बोलतं का. आजी म्हणाल्या, नाही हो, नुसतं गाणं. कोणी मुद्दाम त्रास देतंय असं वाटतं का? आधी वाटायचं, वरची पोरं, आता नाही वाटत. तारीख, वार, पंतप्रधान, शंभरातून सात वजा, सगळं बरोबर, वजाबाकी तर डॉक्टरांपेक्षा फास्ट, आयुष्यभर डब्यांचा हिशोब ठेवलेली बाई.

घरच्यांची अपेक्षा होती की गोळी मिळेल. तो पर्याय डॉक्टरांनी विचारात घेतला होता, भास कमी करणारी गोळी अगदी कमी डोसमध्ये. ती लगेच न देण्याची कारणं त्यांनी मुलाला नीट सांगितली. या वयात अशा गोळ्यांनी अंग कडक होतं, सुस्ती येते, पडण्याची भीती वाढते, आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांमध्ये या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने 2005 मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावलाय. आजींना डिमेन्शिया दिसत नव्हता, पण आधीच एकदा तोल गेलेला. मग त्यांनी गोळ्यांची पिशवी ओतायला सांगितली. त्यात गुडघ्यासाठी चालू असलेली एक दुखण्याची गोळी निघाली, ज्यात ट्रॅमाडॉल होतं, आणि ती नव्या घरात आल्यावरच सुरू झाली होती. ट्रॅमाडॉलने क्वचित कोणाला असे गाण्यांचे भास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. त्यांनी हाडांच्या डॉक्टरांशी बोलून ती गोळी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, फिट्सचा प्रकार नाही ना म्हणून ईईजी आणि मेंदूचा एमआरआय सांगितला, आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं की आधी कान तपासून या. तिथून ते माझ्याकडे आले.

विज्ञान काय म्हणतं

ईएनटी डॉक्टरांनी मळ वगैरे काढून पाठवलं होतं. मग ऑडिओग्राम काढला, म्हणजे किती हलका आवाज ऐकू येतो त्याचा आलेख. 25 डेसिबलपर्यंतचा हलका आवाज ऐकू आला तर आपण नॉर्मल धरतो, आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी, आजींचा सरासरी आकडा डाव्या कानाला 63 आणि उजव्याला 70 आला, आणि वरच्या पट्टीत म्हणजे स, श, त, क ही अक्षरं जिथे बसतात तिथे तर त्याहून वाईट. म्हणजे समोरच्याचं साधं बोलणं त्यांच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नव्हतं. कानाच्या आत शंखात आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत, आणि आजींच्या गिरणीतच बऱ्याच गेल्या असणार.

मग गाणी कुठून? मी मुलाला समजावताना लोकलमधली अनाउन्समेंट सांगतो. गर्दीत "पुढील स्टेशन" एवढं ऐकू आलं की दादर आपण स्वतःच ऐकतो, स्पीकर फाटका असला तरी. मेंदू कानातून येईल ते नुसतं घेत बसत नाही, तो सतत पुढचं काय येणार याचा अंदाज बांधतो आणि कानाकडून आलेल्या माहितीने तो अंदाज तपासतो. आता कानाकडून माहितीच येईनाशी झाली तर? अंदाज तपासायला कोणी नाही, मग अंदाजच ऐकू यायला लागतो. आणि संगीत हे मेंदूसाठी सगळ्यात सोपं अंदाजाचं काम आहे, ताल ठरलेला, पुढचा सूर ठरलेला, शेकडो वेळा ऐकलेलं. त्यामुळे बोलणं ऐकू येण्याऐवजी गाणी ऐकू येतात.

ही मी बनवलेली थिअरी नाही. इंग्लंडात न्यूकॅसलच्या टीमने 2014 मध्ये अशाच भास होणाऱ्या एका बाईंच्या मेंदूची चुंबकीय नोंद घेतली, खरं संगीत ऐकवल्यावर त्यांचा भास थोडा वेळ मंद व्हायचा, म्हणून भास जोरात असतानाची आणि मंद असतानाची नोंद शेजारी ठेवून बघता आली, आणि त्यांनी जो खुलासा मांडला तो हाच, अंदाज वरचढ होण्याचा. त्याच गटातल्या टिम ग्रिफिथ्स यांनी 2000 साली बहिरेपण आलेल्या वयस्कर लोकांवर पेट स्कॅनने, म्हणजे मेंदूचा कुठला भाग चालू आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनने, काम केलं होतं, तेव्हा दिसलं की संगीत समजून घेणारे मेंदूचे भाग चालू असतात पण कानाचा आवाज पहिल्यांदा जिथे पोचतो तो भाग नाही. 2005 मध्ये अमेरिकेत डार्टमथला तर धडधाकट माणसांना ओळखीची गाणी ऐकवून मध्येच थोडा वेळ आवाज कापला, तरी त्यांच्या मेंदूचा श्रवणाचा भाग गाणं चालू असल्यासारखा चालूच राहिला. म्हणजे बीज सगळ्यांकडे आहे. आणि त्याच्याही आधी मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफील्ड या सर्जनने फिट्सच्या पेशंटांची जागेपणी ऑपरेशनं करताना कानशिलाच्या भागाला विजेचा हलका स्पर्श केला की काही जणांना गाणी ऐकू यायची, ऑपरेशन थिएटरात कोणी रेडिओ लावलाय असं वाटण्याइतकी.

डोळ्यांचंही हेच होतं. शार्ल बोने नावाच्या स्विस अभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांचं लिहून ठेवलं, मोतीबिंदूने नजर गेलेली आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या, डोकं मात्र ठणठणीत. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग त्यांना वेडं नाही म्हणाले कोणी?" मी म्हटलं नाही, नातवाने व्यवस्थित लिहून घेतलं.

स्वप्नाचा मुद्दाही त्यांनीच काढला, की पेटी तर स्वप्नातही येते मग फरक काय. फरक आहे. 1953 मध्ये शिकागोला असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली ती अवस्था शोधली ज्यात बंद डोळे भराभर हलतात आणि त्यातून उठवलं की माणूस हमखास स्वप्न सांगतो, मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाव हिस्सा ही अवस्था असते. त्यात हातपाय लुळे असतात आणि मेंदूचा विचारपूस करणारा पुढचा भाग मंद असतो, म्हणून गेलेला माणूस पेटी वाजवतोय याचं स्वप्नात आश्चर्य वाटत नाही. जागेपणीच्या गाण्यात तो भाग जागा असतो, म्हणून तर आजी वॉचमनला वर पाठवत होत्या, त्या कारण शोधत होत्या! मला विचाराल तर वॉचमनला पाठवणं हाच त्यांचं डोकं शाबूत असल्याचा पहिला पुरावा होता. डोळा लागता लागता किंवा जाग येता येता ऐकू येणारे आवाज हा आणखी तिसरा प्रकार, तो पुष्कळांना होतो आणि तेवढ्यापुरता असतो. आजींना हे तिन्ही होत होतं, म्हणून घरच्यांचा गोंधळ उडाला.

कोणते पर्याय समोर होते

एमआरआय वयाप्रमाणे ठीक, ईईजी नॉर्मल. आता काय करायचं यावर मुलगा, सून आणि मी बसलो, आजीही होत्या, आणि हे मुद्दाम सांगतो कारण तोपर्यंतच्या सगळ्या चर्चा त्यांना वगळून झाल्या होत्या.

काहीच न करणं हाही पर्याय होता. पुष्कळांना फक्त "हे वेड नाही" एवढं कळलं तरी पुरतं. आजी म्हणाल्या दिवसा चालेल पण रात्री झोप नाही. परत चाळीत किंवा तशा ठिकाणी जाणं, मुलीकडे डोंबिवलीला, जिथे खाली बाजार आहे. चाळ तर पाडलेली. मुलीकडे जायला आजी तयार होत्या, मुलगा नाही, त्याला तो पराभव वाटत होता, आणि मुलीच्या घरी आधीच पाच माणसं. गोळीचा पर्याय सायकियाट्रिस्टनी शेवटी ठेवला होता, पूर्ण बंद केला नव्हता. राहिलं मशीन.

मशीनबद्दल आजींचं मत वाईट होतं, चाळीत एकाने घेतलेलं, सतत शिट्टी वाजायची. किंमतीही सांगितल्या, पंधरा-वीस हजारांपासून लाख-दोन लाखांपर्यंत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे टेस्ट स्वस्तात होतात आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना एडिप या दिव्यांगांसाठीच्या सरकारी योजनेतून मशीन मिळतं. हे कुटुंब त्या अटीत बसत नव्हतं पण मी हे प्रत्येकाला सांगतो, कारण मशीन परवडत नाही म्हणून टेस्टच न करणारे फार आहेत.

एक प्रश्न मी आजींना विचारला ज्याने मुलगा चमकला: ही गाणी सगळी घालवायची आहेत का? आजी थोड्या लाजल्या. म्हणाल्या, "भूपाळी राहिली तर राहू दे. तो बँडवाला तेवढा घालवा." उपचार कशासाठी करतोय हे तिथे ठरलं. शून्यावर आणायचं नाही, झोप मिळाली पाहिजे आणि बँड कमी झाला पाहिजे.

काय केलं

क्रम असा ठरला होता की आधी दुखण्याची गोळी बंद करून दीड महिना थांबायचं, मग मशीन. म्हणजे कशाने काय झालं ते कळलं असतं. प्रत्यक्षात गोळी बंद होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोवर मुलाने डाव्या कानाचं मशीन बुक केलं, ऑफर चालू होती म्हणे. मी थांबा म्हटलं, पण त्याच्या आईला झोप नाही आणि मी त्याला प्रयोगाची शिस्त सांगतोय, हे कोणाला पटणार. त्या पंधरा दिवसांत बँड थोडा लांब गेल्यासारखा वाटतो असं आजी म्हणाल्या होत्या. तो गोळी बंद झाल्याने गेला, की आता कारण कळल्यामुळे भीती गेली म्हणून, हे आता कधीच कळणार नाही.

मशीन आवाज कमी ठेवून सुरू केलं, पहिले काही दिवस घरात दोन-तीन तास, मग वाढवत. पहिल्या आठवड्यात आजी वैतागल्या, भांड्यांचा आवाज टोचतो, फ्लश म्हणजे स्फोट. हे होतंच, वर्षानुवर्षं न मिळालेला आवाज मेंदूला एकदम मिळाला की तो गोंगाटच वाटतो. इथे बरीच मशीनं कपाटात जातात. सुनेने एक चांगलं केलं, संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकघरात शेजारी बसून आजींना दिवसाचं सांगायचं, न ओरडता. मशीनचा सराव त्या गप्पांतून झाला.

खरी अडचण रात्रीची. झोपताना मशीन काढावं लागतं, म्हणजे पुन्हा तीच शांतता. मी सुचवलं की उशीखाली छोटा स्पीकर ठेवून काहीतरी हलकं लावा. नातीने तंबोऱ्याचं ॲप लावलं, तिला वाटलं आजी भजनातल्या, त्यांना आवडेल. उलटंच झालं. तंबोऱ्याच्या एकसुरी आवाजावर आजींच्या मेंदूने पूर्ण मैफल उभी केली, सकाळी म्हणाल्या, "काल तर आणखी दोघं आले गायला." एसी, फ्रिज, पंखा असले एकसारखे आवाजही हेच करतात, त्यात मेंदूला चाल सापडते. मग गाणं नकोच, बोलणं लावायचं ठरलं. आकाशवाणीच्या जुन्या मुलाखती, कीर्तनातलं निरूपण, एकदा तर शेतीविषयक कार्यक्रम. शब्दांचा पाठलाग करताना मेंदूला चाल जुळवायला जागा मिळत नाही. आजींना सगळ्यात छान झोप खतांच्या माहितीवर लागते.

दिवसाच्या गाण्यांवर त्यांनी स्वतः एक तोड काढली. पेटीची ती एकच ओळ सुरू झाली की त्या मुद्दाम मनात दुसरा अभंग धरतात, आणि थोड्या वेळाने आतलं गाणं बदलतं. हे आणखीही काही पेशंटांमध्ये दिसलेलं आहे, मी त्यांना शिकवलेलं नाही.

घरच्यांनी आणखी एक केलं, सकाळी खिडकी थोडी उघडी ठेवायला लागले आणि आठवड्यातून दोनदा खालच्या बागेत ज्येष्ठांच्या कट्ट्यावर पाठवायला लागले. आणि मुलगा मिठाईचा बॉक्स घेऊन अठराव्या मजल्यावर गेला. काय बोलला ते सांगितलं नाही, पण त्यातला एक मुलगा आता आजींच्या मशीनचं ॲप अपडेट करून देतो.

काय झालं

सहा महिन्यांनी स्थिती अशी: दिवसा मशीन लावलेलं असताना गाणी जवळजवळ नाहीत. रात्री येतात, आठवड्यातून तीन-चारदा, बँड क्वचित. झोप पाच-साडेपाच तास लागते, आधी तुकड्यातुकड्यांत तीन तास. भास कमी करणारी गोळी द्यावी लागली नाही. गुडघ्याचं दुखणं मात्र वाढलं, कारण ती गोळी बंद आहे आणि साध्या गोळीने तेवढं भागत नाही, तिथे आता फिजिओ चालू आहे. भूपाळी पहाटे येते. स्वप्नात आजोबा अजूनही येतात, पण त्याबद्दल कोणी काही करत नाहीये आणि करायचंही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

रेकॉर्डिंग करणं बरोबर होतं, ते सगळ्यांनी मिळून आजींसमोर ठेवणं नाही. एकट्या मुलाने शेजारी बसून "आई, तुला येतं ते खरंच येतं, पण बाहेरून येत नाहीये असं दिसतंय" एवढं म्हटलं असतं तर मधले काही महिने त्या गप्प बसल्या नसत्या, आणि त्या गप्प बसल्यामुळेच सगळ्यांना वाटलं की बरं झालंय.

कानाची टेस्ट सगळ्यात शेवटी झाली, जिला पाऊण तास लागतो. रक्त, झोपेची गोळी, श्राद्ध, सायकियाट्रिस्ट, मग कान. ऐकू येण्याच्या तक्रारीत कान शेवटी, यात नवल काहीच नाही, कारण घरात सगळे "जास्त ऐकू येतंय" या तक्रारीच्या मागे होते आणि "कमी ऐकू येतंय" ही तक्रार जुनी झाली होती. घर बदलतानाच टेस्ट झाली असती तर? कदाचित गाणी आलीच नसती, कदाचित आली असती. चाळीतून टॉवरमध्ये जाणारी म्हातारी माणसं आता मुंबईत घरोघरी आहेत, फर्निचरचा विचार होतो, लिफ्टचा होतो, आवाजाचा होत नाही.

नव्या गोळीची तारीख आणि नव्या तक्रारीची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवायची सवय असती तर फॅमिली डॉक्टरांनाच ती दुखण्याची गोळी दिसली असती. हे घरच्यांचं काम आहे, कारण दोन डॉक्टरांकडची दोन पाकिटं एका पिशवीत फक्त घरीच एकत्र येतात.

एक सावधगिरी, कारण हे वाचून कोणीतरी घरी बसेल. गाण्याऐवजी आवाज हुकूम देत असतील, किंवा माणूस मध्येच हरवल्यासारखा होत असेल, हातपाय झटकत असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल, तापात किंवा लघवीच्या इन्फेक्शनमध्ये हे अचानक सुरू झालं असेल तर हा वेगळा मामला आहे, लगेच डॉक्टर. आणि एका कानाने अचानक एक-दोन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर मशीनवाल्याकडे नाही, त्याच दिवशी ईएनटीकडे, तिथे उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो.

उजव्या कानाच्या मशीनचं अजून ठरलेलं नाही. मुलाला लगेच घ्यायचंय. आजी म्हणतात एका कानाने जग पुरतं. माझं म्हणणं आहे की दोन्ही कानांनी बोलणं जास्त स्पष्ट कळेल, पण उजव्या कानाला नुसता आवाज पोचतो, शब्द फारसे कळत नाहीत, त्यामुळे आधी महिनाभर ट्रायलवर मशीन वापरून शब्द ओळखायची टेस्ट परत करू आणि मगच पैसे भरा. या वेळी तरी मुलाने बुकिंग केलेलं नाही.